अपेंडिक्सची 'जेली', स्लाइड रिव्ह्यू आणि हायपेक : पेशंटच्या घरच्यांकडून रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाहीये. मावशीच्या आजारपणात फायली सांभाळणं, लायनीत उभं राहणं आणि डॉक्टर बोलतील ते वहीत उतरवून घेणं एवढं खातं माझ्याकडे होतं. त्यामुळे हा रिव्ह्यू बाहेरच्या बाकड्यावरून लिहिलेला आहे असं समजा. हॉस्पिटलांची आणि लॅबची नावं लिहीत नाही, कारण काही गोष्टी एकदम झकास झाल्या, काही बेकार झाल्या, आणि एका पेशंटच्या अनुभवावरून कुणाला डोक्यावर घेण्यात किंवा कुणाच्या नावानं बोंब मारण्यात अर्थ नाही. रिव्ह्यू आहे तो अख्ख्या प्रकाराचा, म्हणजे अपेंडिक्सच्या म्युसिनस ट्यूमरचं निदान होतं कसं, कुठे फसतं आणि ट्रीटमेंट म्हणून नक्की काय मिळतं याचा. हा आजार इतका कमी दिसतो की नातेवाइकांत विचारून माहिती मिळेल ही आशा सोडा, आमच्या फॅमिली डॉक्टरांनीसुद्धा 'कॉलेजात वाचलं होतं, पेशंट पहिल्यांदाच बघतोय' असं सरळ सांगितलं (त्यांच्या प्रामाणिकपणाला माझ्याकडून फुल मार्क).

सुरुवात पोटाच्या घेरापासून झाली. मावशी सांगलीकडची, काटक बाई, वजन वाढत नव्हतं उलट हातपाय बारीक होत होते, पण परकराची नाडी पुरेना. गॅस आहे, वय झालं, चालणं कमी झालं, असं म्हणत सगळ्यांनी बरेच महिने काढले. मग सोनोग्राफीत उजव्या ओव्हरीशेजारी सिस्ट आणि पोटात पाणी असा रिपोर्ट आला, सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरसाठी बघतात तो रक्तातला मार्कर) थोडं वाढलेलं, म्हणजे सरळ ओव्हरीची केस म्हणून गायनॅककडे. हे आमच्याच बाबतीत झालं असं नाही हे नंतर कळलं. बायकांमध्ये हा आजार ओव्हरीची गाठ म्हणूनच वर येतो बऱ्याचदा, पुरुषांमध्ये हर्नियाचं ऑपरेशन करताना पिशवीत चिकट पदार्थ सापडतो म्हणून, आणि उरलेल्यांत साधं अपेंडिक्स म्हणून काढलं आणि पॅथॉलॉजीत भलतंच निघालं असं होतं. अपेंडिक्स काढलेल्या शंभरेक लोकांत जेमतेम एखाद्याला ट्यूमर निघतो, त्यातही म्युसिनस म्हणजे चिकट द्रव तयार करणारा हा त्यातला एक प्रकार.

दुर्बीण आत घातली आणि ओव्हरी बाजूलाच राहिली. बोलावलेले जनरल सर्जन ओटीच्या दारात टोपी-मास्कसकट बाहेर आले आणि म्हणाले, "हे मला ओव्हरीचं वाटत नाहीये. अपेंडिक्स फुगून फुटलंय, पोटभर जेली आहे. मी अपेंडिक्स काढतो, दोन-तीन ठिकाणचे तुकडे घेतो आणि बंद करतो. याच्या पुढचं काम माझं नाही, ते जिथे रोज करतात तिथे जा." काका तिथल्या तिथे भडकले, पोट उघडलंच आहे तर साफ का करत नाही म्हणून. पण या अख्ख्या प्रवासात मी पाचपैकी पाच स्टार पहिल्यांदा कुणाला देईन तर या माणसाला. पुढे मुंबईच्या सर्जननी कारण समजावलं. पोटाच्या आतलं जे पातळ अस्तर असतं, पेरिटोनियम, ते या आजाराला अडवून धरतं. अर्धवट खरवडलं की अस्तर जातं, तिथे व्रण तयार होतात, आतडी एकमेकांना चिकटतात आणि जेली त्या चिकटलेल्या भागांत शिरून बसते, मग खऱ्या ऑपरेशनला गेल्यावर आधीचं केलेलं निस्तरण्यातच तास जातात. आधी किती मोठी चिरफाड झालीय याचा ते लोक चक्क स्कोअर मोजतात. त्यामुळे जिल्ह्याच्या गावातल्या सर्जननं हात आवरता घेतला ही मावशीवर झालेली सगळ्यात मोठी मेहेरबानी.

आता रडगाणं. पहिला पॅथॉलॉजी रिपोर्ट आला त्यात अपेंडिक्सला 'म्युसिनस सिस्टअ‍ॅडेनोमा' लिहिलेलं, आणि खाली एक ओळ की ओव्हरीचा कॅन्सर नाकारता येत नाही. बस. बेस क्लिअर आहे की नाही, म्हणजे अपेंडिक्स जिथे मोठ्या आतड्याला जोडलेलं असतं तिथल्या कापलेल्या कडेला ट्यूमर आहे का, हे नाही. बाहेरच्या जेलीत पेशी आहेत की नुसतीच जेली आहे, हेही नाही. तेच कागद घेऊन आम्ही दोन ठिकाणी गेलो तर एकानं सांगितलं अ‍ॅडेनोमा म्हणजे साधी गाठ, निवांत राहा, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, आणि दुसऱ्यानं सांगितलं ओव्हरीचा धरून पुढच्या आठवड्यात कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलची केमो सुरू करू, बेड बघून ठेवा. एकच पेशंट, एकच कागद, एकाचं म्हणणं काहीच करू नका आणि दुसऱ्याचं म्हणणं सलाईन लावा. या टप्प्याला एक स्टार, तोही टायपिंग स्वच्छ होतं म्हणून.

इथून पुढे सगळं बदललं ते स्लाइड रिव्ह्यूमुळे, आणि हा रिव्ह्यू लिहायला बसलो तोही मुख्यतः याच एका गोष्टीसाठी. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा लॅबवाले मेणात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि त्याचा अगदी पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात ती स्लाइड. हे दोन्ही लॅबकडे जपून ठेवलेलं असतं आणि मागितलं की मिळतं, फक्त अर्ज करावा लागतो आणि 'साहेब आल्यावर या' दोन-चारदा ऐकावं लागतं. दादानं, म्हणजे माझ्या मावसभावानं, चिकाटी धरली आणि एक दिवस प्लॅस्टिकच्या डबीत सगळं घेऊन आला. मी पहिल्यांदाच हे हातात घेऊन बघत होतो. काचेच्या एका टोकाला खरखरीत पट्टा, त्यावर पेन्सिलीनं नंबर आणि ए-१, ए-२, आणि मध्ये गुलाबी-जांभळा डाग, नखाएवढा. ब्लॉक म्हणजे पांढऱ्या मेणाचा चौकोनी तुकडा आणि मध्ये अडकलेला तपकिरी ठिपका. या ठिपक्यावर पुढची सगळी गणितं, अन् घरी तो कुठे ठेवायचा तर फ्रीजमध्ये की कपाटात यावर मावशीकडे अर्धा तास चर्चा. उन्हापासून लांब ठेवा म्हणजे झालं, मेण वितळलं नाही पाहिजे.

मुंबईच्या पॅथॉलॉजिस्टनी ब्लॉकमधून नवे काप घेतले, वरून स्पेशल स्टेन लावले. त्यात सीके-२०, सीडीएक्स-२ आणि एसएटीबी-२ पॉझिटिव्ह, सीके-७ आणि पॅक्स-८ निगेटिव्ह, म्हणजे ट्यूमरचं घराणं आतड्याकडचं, ओव्हरीचं नाही. नवा रिपोर्ट चांगला पानभर. अपेंडिक्समध्ये लो ग्रेड, म्हणजे सावकाश वाढणारा, म्युसिनस निओप्लाझम (ट्यूमर), डॉक्टर लोक एल-ए-एम-एन म्हणतात ते. बेस क्लिअर. पोटातून घेतलेल्या तुकड्यांतल्या जेलीत पेशी आहेत, पण लो ग्रेड. सिग्नेट रिंग पेशी, म्हणजे जास्त आक्रमक प्रकारच्या, नाहीत. आणि आजाराचं पूर्ण नाव स्यूडोमिक्झोमा पेरिटोनाय. जुना 'सिस्टअ‍ॅडेनोमा' शब्द आता या आजारासाठी वापरत नाहीत, जगभरच्या तज्ज्ञांनी बसून नावं ठरवली ती २०१६ साली छापून आली आणि त्यात तो शब्द काढूनच टाकलाय, कारण तो वाचून डॉक्टर आणि पेशंट दोघंही गाफील राहतात. आमच्या पहिल्या लॅबपर्यंत ही बातमी पोचली नसावी. या रिव्ह्यूची फी पुढच्या खर्चाच्या मानानं चिल्लर होती आणि त्यानं एक चुकीची केमो आणि एक चुकीचं 'निवांत राहा' दोन्ही टाळलं. पाच स्टार, सहावा असता तर तोही.

आता हा आजार नक्की काय ते मला समजलं तसं लिहितो. अपेंडिक्सच्या आतल्या अस्तरातल्या पेशी चिकट म्युसिन बनवत राहतात, तोंड बंद झालं की अपेंडिक्स फुगतं, त्याला म्युकोसील म्हणतात. सीटीवर ते पंधरा मिलिमीटरच्या वर जाड दिसलं किंवा भिंतीवर कॅल्शियमची बारीक रेघ दिसली तर डॉक्टर कान टवकारतात. मग कधीतरी ते फुटतं, जेली आणि तिच्यातल्या पेशी पोटात सुटतात, आणि गंमत म्हणजे त्या कॅन्सरसारख्या आत खोल घुसत नाहीत, रक्तातून फुप्फुसात-मेंदूत जाण्याचं प्रमाणही फार कमी. त्या पोटातल्या द्रवाबरोबर तरंगत फिरतात आणि जिथे द्रव शोषला जातो किंवा खाली साचतो तिथे बसतात, म्हणजे ओमेंटमवर (आतड्यांवरचा चरबीचा पदर), लिव्हरच्या वर छाती-पोटामधल्या उजव्या पडद्याखाली, आणि खाली ओटीपोटात. लहान आतडं सतत हलत असतं म्हणून ते बराच काळ वाचतं, आणि ते वाचलंय की नाही यावरच ऑपरेशन नीट होणार की नाही हे बरंचसं ठरतं. दिसायला ही जेली कशी असते विचाराल तर ऑपरेशनचे फोटो दादाला दाखवले होते, तो म्हणाला साबुदाण्याची खीर गार होऊन आळते ना, तशी, पिवळसर. तेव्हापासून त्याच्या घरी एकादशीला खीर बंद आहे.

आजार नवा नाहीये. रोकिटान्स्की नावाच्या डॉक्टरनी अपेंडिक्सचं म्युकोसील १८४२ मध्येच लिहून ठेवलंय आणि स्यूडोमिक्झोमा हे नाव १८८४ मध्ये वेर्थ यांनी दिलं, तेही ओव्हरीच्या गाठीच्या संदर्भात, म्हणजे ओव्हरीचा घोळ तेव्हापासूनचाच. ऑड्री हेपबर्न जानेवारी १९९३ मध्ये गेली ती अपेंडिक्सपासून सुरू झालेल्या याच आजारानं. हे मावशीला सांगू नका असं ठरलं होतं, आणि काकांनी संध्याकाळी चहा पिताना सांगून टाकलं. ती म्हणाली, "कोण ती?" विषय संपला.

ज्या सेंटरला शेवटी गेलो तिथली ओपीडी म्हणजे गर्दी, टोकन, बाकड्यावर जागा नाही, नंबर लागेपर्यंत दुपार. या वाट बघण्याला दोन स्टार. पण आत गेल्यावर सर्जननी घाई केली नाही. त्यांनी एका कोऱ्या कागदावर पोटाचा चौकोन काढला, आडव्या-उभ्या रेघा मारून नऊ खण केले, बाजूला लहान आतड्याचे चार भाग वेगळे काढले, एकूण तेरा. "मावशी, हे तुमचं पोट. प्रत्येक खणाला मी शून्य ते तीन मार्क देणार. शून्य म्हणजे काही नाही, तीन म्हणजे पाच सेंटिमीटरच्या वर. सगळे मिळून एकोणचाळीस होतात. इथे मार्क जितके कमी तितकं बरं." मावशी शाळेत शिक्षिका होती, तिला हे लगेच पटलं, म्हणाली म्हणजे नापास झाले की पास. ह्याला पीसीआय म्हणतात. सीटी बघून अंदाज देतात, खरा आकडा पोट उघडल्यावरच. पेट स्कॅन करायचा का आम्ही विचारलं तर म्हणाले लो ग्रेड जेलीवाल्या आजारात पेट फार काही दाखवत नाही, कारण पेशी कमी आणि जेली जास्त, पैसे वाचवा, कॉन्ट्रास्ट सीटी नीट करा. त्या सीटीत लिव्हरच्या कडेला बाहेरून दाबल्यासारखे खळगे दिसत होते, ते त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवले. सीईए, सीए-१२५ आणि सीए १९-९ तिन्ही मार्कर केले. कोलोनोस्कोपीही करून घेतली, मोठ्या आतड्यात दुसरं काही नाही ना बघायला.

नेहमीची सलाईनमधली केमो का नाही, हा प्रश्न आम्ही फिरवून फिरवून विचारला. उत्तर असं की या पेशी फार सावकाश वाढतात आणि केमो मारते ती भराभर वाढणाऱ्यांना, शिवाय जेलीत रक्तवाहिन्या नाहीत म्हणजे औषध पोचणार कसं. हाय ग्रेड असतं, सिग्नेट रिंग असत्या, तर गोष्ट वेगळी होती, तिथे सलाईनची केमो वापरतात. मग काकांनी विचारलं किती वर्षं मिळतील. डॉक्टरनी भविष्य सांगायला नकार दिला पण २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासाचं सांगितलं, १६ सेंटरमधले मिळून २,२९८ पेशंट, अपेंडिक्सवरून आलेला स्यूडोमिक्झोमा, हेच ऑपरेशन केलेले, त्यात दहा वर्षांनी ६३ टक्के लोक हयात होते. लगेच वर हेही सांगितलं की यात सगळे ग्रेड मिसळलेत, आणि अनुभवी सेंटरचे आकडे आहेत, कुठेही करून हे मिळेल असं नाही. असं दोन्ही बाजूंनी बोलणारा डॉक्टर मला आवडतो.

ऑपरेशनचं नाव सायटोरिडक्शन (दिसेल तेवढा आजार काढून टाकणं) आणि हायपेक (मग तापवलेली केमो थेट पोटात फिरवणं). अमेरिकेतल्या पॉल शुगरबेकर या सर्जननी हे तंत्र रुळवलं. इंग्लंडमध्ये या आजाराची दोनच राष्ट्रीय सेंटरं, बेसिंगस्टोक आणि मँचेस्टर, आख्ख्या देशातले पेशंट तिथेच पाठवतात. आपल्याकडे अशी सक्ती नाही, मशीन घेतलं की बोर्ड लागतो, म्हणून 'वर्षाला असे किती करता आणि त्यातले अपेंडिक्सचे किती' हा प्रश्न न लाजता विचारा. आम्ही तीन ठिकाणी विचारला, एका ठिकाणी डॉक्टरना राग आला, तिथे परत गेलो नाही.

इन्शुरन्सची तऱ्हा वेगळीच. प्री-ऑथ म्हणजे आधी मंजुरी मागायच्या फॉर्मवर निदानात अपेंडिक्स शब्द होता, तर तिकडून क्वेरी आली की अपेंडिक्सच्या ऑपरेशनला दोन आकडी लाखांचं एस्टिमेट कसं, आणि अपेंडिक्स तर आधीच काढलंय तर आता परत काय काढणार. हसावं की रडावं कळेना. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरच्या मुलीनं स्लाइड रिव्ह्यूचा रिपोर्ट आणि सर्जनचं पत्र जोडून फोनवर फोन केले तेव्हा निम्म्याच्या आसपास मंजूर झालं. हायपेकच्या नळ्यांचा सेट एकदाच वापरायचा असतो आणि त्याची किंमत वेगळी लागते, ती एस्टिमेटमध्ये धरलीय का हे आधीच विचारून घ्या, शेवटच्या दिवशी कळण्यात मजा नाही. कंपनीला दीड स्टार, त्या मुलीला पाच.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे न्यूमोकॉकस वगैरेच्या लसी दिल्या, कारण स्प्लीन (प्लीहा) काढावी लागू शकते आणि ती गेली की काही जंतूंशी लढायची ताकद कमी होते. स्टोमाच्या (पोटावर छिद्र करून शौच बाहेर काढायच्या) पिशवीची शक्यता आहे म्हणून नर्सनं पोटावर मार्करनं खूणही करून ठेवली होती, पण पिशवी लागली नाही. सकाळी आत नेलं ते रात्री उशिरा बाहेर. पीसीआय २२ निघाला. ओमेंटम, गर्भाशय, दोन्ही ओव्हरी, पित्ताशय, स्प्लीन, उजव्या पडद्याखालचं आणि ओटीपोटातलं अस्तर, एवढं सगळं काढलं. अपेंडिक्सचा बेस क्लिअर होता म्हणून उजवीकडचं मोठं आतडं काढायची गरज पडली नाही. त्या नखाएवढ्या डागाची किंमत तिथे पुन्हा वसूल झाली. मग मायटोमायसिन नावाचं औषध, जांभळ्या रंगाचं, एक्केचाळीस-बेचाळीस डिग्रीला तापवून पंपानं दीड तास पोटात फिरवलं. डोळ्यांना दिसणारं सगळं काढून झाल्यावर जे दिसत नाही त्याच्यासाठी ते औषध, जाड गाठी त्यानं जात नाहीत, म्हणून मेहनत सगळी आधीच्या तासांतली. शेवटी सीसी-१, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या आतले काही कण आतड्यावर राहिले. लो ग्रेडमध्ये हेही पूर्ण ऑपरेशन धरतात.

नंतरचे दिवस कठीण असतात, गोड बोलून काही उपयोग नाही. आयसीयू, नाकात नळी, पोटाला ड्रेन, तोंडानं काही नाही, शिरेतून पोषण. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी घसरल्या, मायटोमायसिनमुळे होतं ते, इंजेक्शनं देऊन वर आणल्या. छातीत पाणी झालं होतं ते काढलं. फिजिओथेरपीवाली पोरगी रोज येऊन तीन चेंडूंचं स्पायरोमीटर ओढायला लावायची आणि मावशी तिच्यावर चिडायची, पण तिच्यामुळेच न्यूमोनिया टळला असं सिस्टर म्हणाल्या. नर्सिंग पाच स्टार. डिस्चार्जच्या वेळचं मार्गदर्शन दोन स्टार, डाएटचा छापील कागद हातात दिला त्यात ओट्स आणि ब्रोकोली. सांगलीच्या बाईला ब्रोकोली! थोडंथोडं, दिवसातून सहा वेळा, मऊ भात, मुगाचं वरण, ताक, अंडं, हे आम्हाला शेजारच्या बेडवाल्यांनी सांगितलं.

आता ती घरी आहे, जिने सावकाश चढते, चव परत आलीय, वजन चढायला लागलंय. सीटी आणि मार्कर दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा, आणि हे बरीच वर्षं करत राहायचं, कारण हा आजार उशिरासुद्धा परत येऊ शकतो.

ज्यांच्याकडे असा रिपोर्ट आलाय, म्युकोसील, सिस्टअ‍ॅडेनोमा, म्युसिनस काहीही लिहिलेलं, त्यांनी सगळ्यात आधी ब्लॉक आणि स्लाइड ताब्यात घ्या, पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स आणि सीटीची सीडी घ्या, नुसता छापील रिपोर्ट नको. आणि घेताना डबीवरचा नंबर पावतीशी तिथेच ताडून बघा, आमच्या डबीत एक ब्लॉक भलत्याच नंबरचा निघाला, तो काउंटरवरच बदलून घेतला म्हणून बरं.